गाडीला गोवर

मिस्त्री चहाला बाहेर पडला तसं भिंगने मागे वळून पाहिलं, खिशातून बायकोच्या नेलपॉलिशची बाटली काढली आणि सासऱ्यांच्या जुन्या मोटरसायकलच्या टाकीखाली, जिथे धड हातसुद्धा जात नाही अशा जागी, एक गुलाबी ठिपका दिला. मग त्यावर फुंकर घालत बसला. नेलपॉलिश वाळायला किती वेळ लागतो हे त्याला ह्या कामात पहिल्यांदाच कळलं आणि तमाम बायकांच्या चिकाटीबद्दलचा त्याचा आदर वाढला. नंतर त्याने सीटच्या स्प्रिंगला एक ठिपका दिला, पाय ठेवायच्या दांडीला खालून एक दिला. मिस्त्रीच्या चपलांचा आवाज आला तेव्हा तो भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत उभा होता. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

भिंग हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. हा गृहस्थ विमा कंपनीत आलेले दावे तपासायचा आणि समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरूनच कामाला सुरुवात करायचा. कुणाचं कपाट जळालं आणि त्याने एकही पावती आणली नाही तर भिंगला संशय यायचा, आणि सगळ्या पावत्या आणल्या तर जास्तच यायचा. "खऱ्या माणसाला पुरावे जमवत बसावं लागत नाही," हे त्याचं वाक्य हपिसात इतकं गाजलेलं होतं, की शिपाईसुद्धा चहा उशिरा आणल्यावर तेच ऐकवायचा. आता असा माणूस मोटरसायकल मिस्त्रीच्या हवाली करून घरी निवांत झोपेल काय? शक्यच नाही.

त्यातून ही गाडी साधी नव्हती. काळीभोर, टाकीवर सोनेरी बारीक रेघ, चालू झाली की भिंतीवरच्या तसबिरी थरथरतील असा आवाज. सासऱ्यांनी ती लग्नाच्या आधी घेतली होती आणि सासूबाईंना त्यांनी पहिल्यांदा फिरवून आणलं तेही हिच्यावरूनच. सासूबाई गेल्या, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, आणि सासरे धाकट्या मुलीकडे, म्हणजे भिंगच्या घरी राहायला आले. सोबत एक ट्रंक, एक आरामखुर्ची आणि ही गाडी. गुडघे आता पुरते वाकत नव्हते. तरी ते रोज सकाळी काठी टेकत खाली जायचे, स्टुलावर बसायचे आणि फडक्याने गाडी पुसायचे.

एकदा भिंगने खिडकीतून पाहिलं. सासऱ्यांनी काठी भिंतीला टेकवली, हँडल धरलं आणि पाय सीटवरून टाकायचा प्रयत्न केला. पाय जेमतेम हातभर उचलला गेला. त्यांनी पुन्हा एकदा करून पाहिलं. मग कुणी बघत नाही ना म्हणून इकडेतिकडे नजर टाकली आणि जसं काही झालंच नाही असे सीट पुसायला लागले. भिंगला एकदम भडभडून आलं. दुसऱ्यांच्या दुःखाने त्याला भडभडून आल्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे आधी त्याला पित्ताचा संशय आला.

त्याच क्षणी त्याने ठरवलं की गाडीला साइडकार बसवायची. बाजूला जोडलेल्या त्या डब्यात पाय लांब करून बसता येतं, गुडघा वाकवायचं कामच नाही. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, त्यात बसवायचं आणि गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत फिरवून आणायचं. आणि परत आल्यावर मामा म्हणतील, "जावईबापू, गाडी झकास चालवता हो." बस, एवढं एक वाक्य त्याला हवं होतं. लग्न झाल्यापासून त्या वाक्याची तो वाट बघत होता, कारण ते वाक्य आजवर फक्त साडूच्या वाट्याला आलं होतं. थोरले जावई म्हणून साडूला एकदा गाडी चालवायला मिळाली होती. भिंगला मिळाली होती ती पुसायला, तीही फक्त मागचा मडगार्ड.

अडचण एवढीच, की सासऱ्यांना गाडीत बदल केलेला खपत नसे.

"नुसती साफसफाई करून आणतो, मामा," भिंग म्हणाला.

 सासऱ्यांनी बनियनला आतून सेफ्टीपिनने अडकवलेल्या दोन किल्ल्यांपैकी एक काढून त्याच्या हातावर ठेवली. "न्या. पण ऐकून ठेवा, जावईबापू. मिस्त्री लोक जुना अस्सल माल काढून घेतात आणि त्याजागी भलतंच काहीतरी बसवतात. एक नट जरी बदललेला दिसला, तर गाडी थोरल्यांच्या दारात उभी राहील."

"आणि ती दुसरी किल्ली, मामा?"

"ती इथे बरी आहे," सासरे म्हणाले आणि बनियन नीट केलं.

आता डबा जोडणं म्हणजे गाडीत बदल करणं होतं का? भिंगने ह्यावर पुष्कळ विचार केला. मामांच्या अटीत 'बदललेला' असा शब्द होता, 'वाढवलेला' नव्हता. दावा फेटाळताना असल्या फटी तो रोज शोधायचा, आज पहिल्यांदा एका फटीत स्वतः शिरत होता. फक्त गाडीतला प्रत्येक भाग तोच आहे हे नंतर सिद्ध करता आलं पाहिजे. म्हणून ते ठिपके. गुपचूप, मिस्त्रीच्या नकळत. खूण केलीय हे चोराला कळलं तर त्या खुणेचा उपयोग काय?

डबा मिळाला भंगारवाल्याकडे. तो पूर्वी एका फोटो स्टुडिओत होता आणि त्यात लहान मुलांना बसवून फोटो काढत. त्यामुळे त्याच्यावर ढग रंगवलेले होते आणि एक ससा. मिस्त्रीने डबा बघितला, सासऱ्यांची उंची विचारली आणि म्हणाला, "लांबवावा लागेल. पुढचं नाक कापून पत्रा जोडतो. ससा ठेवायचा का?"

"ससा कशाला ठेवायचा?"

"मी कुठे म्हणतो ठेवा? मी विचारतो ठेवायचा का."

ह्या मिस्त्रीचं हे असंच होतं. कुठल्याही प्रश्नाला तो प्रश्नानेच उत्तर द्यायचा, आणि भिंगच्या हपिसातल्या अनुभवाप्रमाणे ते गुन्हेगाराचं पक्कं लक्षण होतं. शिवाय तो फार हसायचा. शिवाय त्याच्या फळीवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग ओळीने मांडलेले होते. ते कुणाचे? कुठून आले? भिंग तिथून निघताना प्रत्येक वेळी ठिपके मोजूनच निघायचा.

वरच्या मजल्यावरचे काका जन्मभर बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना ही गोष्ट सांगायची नव्हती, पण त्यांना काही सांगावं लागत नसे, सगळं कळलेलंच असायचं. जिन्यात गाठून ते म्हणाले, "डबा जोडताय ना? चुकीच्या बाजूला जोडताय."

"कुठल्या बाजूला जोडतोय हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुठल्याही बाजूला जोडलात तरी गाडी त्याच बाजूला ओढणार. बोट बघा, मधोमध चालते. आणि उतारावर ब्रेक मारू नका, गाडी थांबते आणि डबा आपला पुढे निघून जातो. माझ्या एका मित्राची बायको अशीच गेली."

"म्हणजे... वारल्या?"

"छे हो! पुढे गेली. पुढच्या चौकात सापडली. नंतर बोलली नाही त्याच्याशी."

ह्यानंतर भिंगने डब्याच्या प्रत्येक बोल्टलासुद्धा ठिपका दिला. पण काकांना बातमी कुणी पुरवली, हा किडा काही डोक्यातून जाईना. अशातच एके दुपारी तो हपिसातून लवकर सटकून गॅरेजवर गेला, तर बाहेर साडूची मोटार उभी! भिंग टपरीच्या आडोशाला उभा राहिला. साडू आतून हसत हसत बाहेर आला. मिस्त्री त्याला सोडायला रस्त्यापर्यंत आला आणि तोही हसत होता. भिंगला तर मिस्त्री कधी रस्त्यापर्यंत सोडायला आला नव्हता.

झालं! सगळं चित्र डोळ्यांपुढे स्वच्छ उभं राहिलं. दोघांचं संगनमत. एखादा नट बदलायचा, मामांना दाखवायचा आणि गाडी लंपास करायची. साडूला प्रत्यक्ष विचारावं, हा साधा विचार मात्र भिंगला शिवला नाही. संशयिताला थेट विचारलं तर तो खरं सांगून मोकळा होतो आणि तपासात काही राम उरत नाही.

त्या दिवशी मिस्त्री जेवायला गेला असताना भिंगने इंजिनाच्या बाजूचं झाकण उघडलं. आत दोन छोटे धातूचे तुकडे होते. ते एकमेकांना चिकटतात आणि सुटतात, म्हणजे ठिणगी पडते, असं मिस्त्रीने एकदा सांगितलं होतं. मिस्त्रीचा हात सगळ्यात आधी इथेच जाणार. त्याने दोन्ही तुकड्यांना बरोब्बर टोकावर एकेक घसघशीत ठिपका दिला. मग नंबर कोरलेल्या पट्टीवर, शेवटच्या आकड्याखाली, आणखी एक. पट्टीच बदलली तर काय घ्या!

घरी बायको बाटली उजेडात धरून उभी होती. "अहो, ही तळाला कशी गेली? मी तर लग्नानंतर एकदाच लावलंय."

"उडून जातं ते. हवेने."

तिने त्याचा हात धरून अंगठा वर केला. अंगठ्यावर गुलाबी डाग होता. आता तिला खरं सांगावं, तर संध्याकाळच्या चहाला ते तिच्या बाबांना कळणार. भिंगने घाम पुसला आणि म्हणाला, "जरा... कसं दिसतं ते बघत होतो."

बायकोने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग अगदी समजूतदारपणे म्हणाली, "आवड असते एकेकाची. मला सांगायचं ना, मी नीट लावून दिलं असतं. हपिसात मात्र लावून जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बसल्यावर सासरे त्याच्या नखांकडे टक लावून बघत होते. रविवारी मेहुणीचा फोन आला, तर तिने शेवटी मुद्दाम विचारलं, "बाकी तुमची तब्येत बरी ना? काही मोकळेपणाने बोलायचं असलं तर बोला हं." विमा कंपनीत ज्याच्या नुसत्या चष्म्याला लोक घाबरायचे, त्या माणसावर ही पाळी आली. पण गाडीसाठी त्याने हेही गिळलं.

गाडी मात्र चालू व्हायचं नाव घेईना. मिस्त्री किका मारमारून घामाघूम झाला. प्लग बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली, देवाचं नाव घेऊन पाहिलं. शेवटी त्याने झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं. मग एकेक करून टाकीखाली पाहिलं, सीटखाली पाहिलं, आडवा होऊन गाडीच्या पोटाखाली पाहिलं. उठला, हात पुसले आणि भिंगच्या समोर येऊन उभा राहिला.

"साहेब, गाडीला गोवर आलाय."

भिंग कॅलेंडरकडे बघायला लागला.

"मी पहिल्या दिवसापासून बघतोय. एकदोन होते तेव्हा म्हटलं, असेल काहीतरी. पण ठिणगीच्या तोंडावर रंग? हिला मुकी करून वर माझ्याकडेच चोरासारखं बघता?" आज पहिल्यांदा तो हसत नव्हता. "आता मी पण खूण करणार. उद्या तुम्ही म्हणाल माझा नट बदलला, तर मला काय पुरावा?" आणि त्याने पिवळ्या रंगाचा डबा उघडून प्रत्येक गुलाबी ठिपक्याशेजारी एक पिवळा ठिपका ठोकला. भिंगला रागही आला आणि थोडं कौतुकही वाटलं. माणूस कामाचा निघाला होता. तुकडे घासून साफ केल्याबरोबर गाडी पहिल्या किकला सुरू झाली आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर भिंतीवरून खाली पडलं.

राहता राहिली सरकारी तपासणी. गाडीला डबा जोडला की वाहन कार्यालयाचा शिक्का लागतो, त्याशिवाय ती रस्त्यावर आणता येत नाही. भिंग हपिसातून रजा टाकून, गाडी टेम्पोत चढवून तिथे गेला. तपासणारे साहेब कमी बोलणारे होते. त्यांनी डबा हलवून पाहिला, ढग पाहिले, सशापाशी थोडं थांबले (ससा शेवटी राहिलाच होता) आणि मग नंबरच्या पट्टीपाशी वाकले. तिथला गुलाबी ठिपका त्यांनी नखाने खरवडला. खाली मळ होता, तोही फडक्याने पुसला. मळाखाली, शेवटच्या आकड्याला लागून, कानशीने पाडलेली एक बारीक खाच होती.

ही खाच भिंगने कधी पाहिलीच नव्हती. 

"नंबरवर हत्यार चाललंय," साहेब म्हणाले. "आणि वरून रंग दिलाय. लपवायला."

"नाही हो साहेब, तो ठिपका मी दिलाय. खूण म्हणून. अशा सगळीकडे आहेत."

"सगळीकडे?" साहेबांनी विजेरी काढली. टाकीखाली गुलाबी, पिवळा. सीटखाली गुलाबी, पिवळा. "गुलाबी कोणाचे?"

"माझे."

"पिवळे?"

"मिस्त्रीचे."

"आणि खाच कोणाची?"

"ते... ते मला माहीत नाही."

साहेबांनी विजेरी बंद केली. "हे बघा, ज्याची गाडी स्वतःची असते तो तिच्यावर खुणा कशाला करेल? खऱ्या माणसाला पुरावे जमवत बसावं लागत नाही."

 हे वाक्य ऐकताना माणसाला कसं वाटतं, हे त्याला आजपर्यंत ठाऊक नव्हतं. फार वाईट वाटतं. गाडी अंगणातल्या चोरीच्या गाड्यांच्या रांगेत उभी केली गेली, आणि ज्यांच्या नावावर ती होती त्यांनी स्वतः येऊन ओळख पटवल्याशिवाय ती हलणार नाही, असं साहेबांनी सांगितलं. संध्याकाळी कुलूप लागण्याआधी ओळख पटली नाही तर पोलिसांना कळवायचं होतं.

म्हणजे मामांना सांगणं आलं. डबा, ठिपके, सगळंच. वर त्यांना आणायला मोटार हवी, आणि मोटार होती ती साडूकडे. भिंगने फोन हातात घेऊन तीनदा खाली ठेवला. चौथ्यांदा लावला.

साडू लगेच आला. सासऱ्यांना पुढे बसवलं, भिंग मागे अंग चोरून बसला. त्याने घसा साफ केला. "मामा, एक सांगायचं होतं. गाडीला मी एक... म्हणजे बदलला काही नाही, पण वाढवला..."

"अहो, डबा ना?" साडू आनंदाने म्हणाला. "मामांना केव्हाच सांगितलंय मी. त्यांनीच तर पाठवलं होतं मला गॅरेजवर, जाऊन बघून या म्हणून. फार झकास माणूस हो तो मिस्त्री! मी येऊन सांगितलं, सगळं उत्तम चाललंय, ससापण आहे."

भिंगने आरशात सासऱ्यांचा चेहरा पाहिला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. मांडीवर मात्र एक कापडी पिशवी होती आणि ती त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

कार्यालयाच्या अंगणात सासरे काठी टेकत गाडीपर्यंत गेले. साहेबांनी पट्टीवर विजेरी धरली. सासऱ्यांनी चष्मा चढवला, वाकता येईल तेवढे वाकले आणि म्हणाले, "ही खाच माझी आहे."

"तुमची?"

"गाडी नवीन होती. पहिल्यांदा मिस्त्रीकडे टाकली त्याच्या आदल्या दिवशी कानस घेऊन बसलो होतो. काय सांगावं, पट्टीच बदलली तर? आणखीही आहेत. टाकीखाली बघा, आत, हात जात नाही तिथे."

साहेबांनी पाहिलं. गुलाबी ठिपका होता, पिवळा होता, आणि दोन्हींच्या मध्ये मळाने भरलेली खाच. "सीटची स्प्रिंग," सासरे म्हणाले. तिथेही तसंच. "पायाची दांडी, खालून." तिथेही. सासरे एकेक जागा सांगत गेले आणि प्रत्येक जागी खाचेला चिकटून जावयाचा ठिपका निघत गेला. साहेब शेवटी वाकायचेसुद्धा थांबले. कागदावर शिक्का मारताना त्यांनी एकदा सासऱ्यांकडे पाहिलं, एकदा जावयाकडे, आणि विचारलं, "तुम्ही दोघं एकाच घरात राहता?"

 सासरे भिंगकडे वळले. "ठिणगीच्या तुकड्यांवर केली होती का खूण?"

भिंगने मान खाली घातली. "केली होती, मामा. गाडीच बंद पडली."

"मीही केली होती!" आणि सासरे हसायला लागले, काठी थरथरेपर्यंत हसले. "माझी भर रस्त्यात बंद पडली. मागे तुमच्या सासूबाई होत्या. चालत घरी आलो, पण कारण काही सांगितलं नाही मी तिला. शेवटपर्यंत नाही सांगितलं."

मग त्यांनी डब्याभोवती एक फेरी मारली. एका बोल्टपाशी थांबून काठीचं टोक लावलं. "आणि हे काय, ह्या डब्याच्या बोल्टांनासुद्धा? वा! डबा असता तर मलाही हे सुचलं असतं का, कोण जाणे." भिंगला ते ऐकून काय वाटलं हे सांगता येणार नाही. बढती मिळाली तेव्हा तसं वाटलं नव्हतं.

पिशवीतून निघाला जुना काळा चष्मा, मोटरसायकलवर घालायचा, कातडी पट्ट्याचा, आणि एक लोकरी मफलर. सासरे केव्हापासून तयारीत बसले होते देव जाणे. साडूने आणि भिंगने दोन्हीकडून धरून त्यांना डब्यात बसवलं. पाय सरळ लांब झाले आणि डब्याच्या नाकापर्यंत व्यवस्थित पोचले. तळ्यापर्यंतच्या रस्त्याला गाडी सारखी डब्याच्या बाजूला ओढत होती, भिंगचे दंड भरून आले, आणि उतारावर त्याने ब्रेकला बोट लावलं नाही. साडू मागून मोटारीतून हॉर्न वाजवत येत होता. सासरे वाऱ्यात काहीतरी ओरडून सांगत होते आणि भिंगला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तळ्याकाठी इंजिन बंद केल्यावर त्याने विचारलं, "काय म्हणत होतात, मामा?"

"म्हणत होतो, गिअर उशिरा टाकता," सासरे म्हणाले. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी तो बराच वेळ मफलरने पुसला. डोळेही पुसले. मग बनियनमध्ये हात घातला, सेफ्टीपिन उघडली आणि दुसरी किल्ली काढून भिंगच्या हातावर ठेवली. "राहू द्या तुमच्याकडे."

"पण थोरले..."

"थोरले भले आहेत. गाडी त्यांना दिली असती तर पहिल्या मिस्त्रीने चाकं काढून घेतली असती आणि हे त्याला चहा पाजून आले असते."

घरी आल्यावर सासरे आपल्या खोलीत गेले. बायकोने नव्या नेलपॉलिशची बाटली नवऱ्याच्या उशाशी ठेवलेली होती, फिकट रंगाची, हपिसात चालेल अशी. भिंगने ती बाजूला सारली आणि खिशातली किल्ली काढून पाहिली. इतक्या वर्षांनी, इतक्या सहजासहजी? जुन्या किल्ल्या सगळ्या सारख्याच दिसतात. ट्रंकेची असली तर? त्याला स्वतःची लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. पण म्हणून काही चैन पडेना. तो पाय न वाजवता खाली गेला, गाडीवरचं कापड उचललं आणि किल्ली घातली.

किल्ली अलगद फिरली. दिवा लागला.

त्याने सुटकेचा श्वास सोडून मान वर केली, तर खिडकीत सासरे उभे होते. गळ्यात मफलर तसाच होता.

"लागली?"

"लागली, मामा," भिंग ओशाळून म्हणाला.

"बरं झालं," सासरे म्हणाले. "बघायला आला नसतात, तर सकाळी परत मागून घेणार होतो."